ऐंशीच्या दशकातील लोकरंजनाचे मानकरी आणि शिरूर-दौंडचा प्रेक्षक : फड, पडदा, ध्वनिफीत व दूरदर्शन (१९८१-१९९०)

प्रस्तावना

एखाद्या दशकावर कोणत्या कलावंतांचे राज्य होते, हा प्रश्न सामान्यतः चित्रपटांच्या यशावरून, गाजलेल्या गीतांवरून किंवा दूरदर्शनवरील मालिकांच्या लोकप्रियतेवरून सोडविला जातो. अशा मांडणीत मुंबई हे केंद्र ठरते आणि तालुक्याचे गाव हे केवळ गिऱ्हाईक ठरते. महाराष्ट्राच्या संदर्भात ही मांडणी अपुरी आहे. ज्या नटांनी व गायकांनी ऐंशीच्या दशकात मराठी माणसाचे मन जिंकले, त्यांच्यापैकी अनेकांची कला तमाशाचा फड, वगनाट्य, कलापथक आणि भजन-कव्वालीचे सामने यांतून घडलेली होती. ही कला ज्या प्रदेशात वर्षानुवर्षे पोसली गेली, त्यात पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून १९८१ ते १९९० या दशकातील लोकरंजनाचा विचार केला आहे. नव्या माध्यमांनी मोजक्या कलावंतांना घराघरांत पोहोचविले. परंतु ज्या रंगभूमीने त्यांना भाषा, लय आणि विनोद दिला, त्या रंगभूमीवरील बहुसंख्य कलावंतांच्या वाट्याला त्या यशातून काय आले, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रदेश आणि प्रेक्षक

शिरूर हे घोड नदीच्या काठी, पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर वसलेले गाव. 'घोडनदी' या नावानेही ते ओळखले जाते. इंग्रजी अमलाच्या प्रारंभी येथे लष्कराची छावणी होती. दौंड हे भीमेच्या काठचे रेल्वे जंक्शन. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यापासून मुंबई-सोलापूर मार्गावरील या स्थानकाला विशेष महत्त्व आले. रेल्वे वसाहत आणि पुढे राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे यांमुळे दौंडमध्ये निरनिराळ्या प्रांतांतील व भाषांतील माणसे एकत्र आली. शिरूरचा प्रेक्षक प्रामुख्याने शेतकरी व बाजारकरी, तर दौंडच्या प्रेक्षकात नोकरदार व कामगार यांचेही प्रमाण लक्षणीय, असा स्थूल भेद करता येईल.

या दोन्ही तालुक्यांत पर्जन्यछायेमुळे कोरडवाहू शेतीचा मोठा पट्टा होता. दुसरीकडे कालव्यांच्या आणि नद्यांच्या पाण्यावर ऊस वाढला, पाटस येथे भीमा आणि न्हावरे येथे घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, गुऱ्हाळे चालली. लोकरंजनाच्या इतिहासात या गोष्टीला महत्त्व आहे. गावच्या यात्रेत तमाशाची सुपारी देण्यासाठी जी लोकवर्गणी जमे, तिचा आधार हाच शेतीचा पैसा होता. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि पुढे दूरचित्रवाणी संच विकत घेण्याची ऐपत ज्यांना आली, त्यांनाही ती बव्हंशी याच उत्पन्नातून आली. जुन्या आणि नव्या करमणुकीचा खर्च असा एकाच कनवटीतून होत होता.

फड : सर्वांचे मूळपीठ

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात असलेले नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी तमाशा ठरविण्यास येतात. चैत्र-वैशाखातील यात्रांचा हंगाम हा फडमालकाच्या वर्षभराच्या गणिताचा कणा असतो. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असत. नर्तकी, सोंगाडे, ढोलकीवाले, पेटीवाले यांच्याबरोबर तंबू ठोकणारे, ट्रकचालक आणि आचारी हेदेखील फडाच्याच भाकरीवर जगत. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा रात्रभराचा खेळ चाले. यात्रेतील तमाशा गावाच्या वर्गणीतून होई, तर कनातीतील तमाशास तिकीट असे.

ऐंशीच्या दशकात या क्षेत्रातील मोठी नावे कोणती, असे विचारल्यास विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, दत्तोबा तांबे शिरोलीकर, काळू-बाळू कवलापूरकर, शिरूरच्या शेजारील पारनेर तालुक्याचे चंद्रकांत ढवळपुरीकर, रघुवीर खेडकर ही नावे प्रथम घ्यावी लागतात. विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशी दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी हा वारसा पुढे चालविला. ही माणसे गावाच्या पटांगणात, प्रेक्षकांपासून हाताच्या अंतरावर उभी राहत. दाद मिळे ती त्याच क्षणी, आणि नापसंतीही त्याच क्षणी. सोंगाड्याला समोरच्या गावाची भाषा, तेथील राजकारण आणि त्या वर्षीचा पाऊसपाणी यांची माहिती घेऊनच बतावणी रंगवावी लागे. पुढे चित्रपटात जो विनोद 'ग्रामीण' म्हणून ओळखला गेला, त्याची तालीम अशी रोजच्या रोज होत होती.

शिरूर तालुक्याचे या परंपरेशी असलेले नाते केवळ प्रेक्षकाचे नाही. कवठे येमाई येथील बशीर मोमीन ऊर्फ मोमीन कवठेकर (१९४७-२०२१) यांनी जवळपास पाच दशके तमाशासाठी लेखन केले. लावण्या, गण-गवळणी, वगनाट्ये आणि हुंडा, व्यसन यांसारख्या प्रश्नांवरील प्रबोधनपर गीते असा त्यांच्या लेखनाचा पसारा होता. अनेक फडांनी व सुरेखा पुणेकर यांच्यासारख्या लावणी कलावतींनी त्यांच्या रचना सादर केल्या. मुस्लिम घरात जन्मलेल्या या लेखकाने गणपतीचा गण आणि कृष्णाची गवळण लिहावी, यात तमाशाच्या दृष्टीने आश्चर्य काहीच नव्हते. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर सगनभाऊ हेही मुसलमान होते. होनाजी गवळी, परशराम शिंपी, राम जोशी ब्राह्मण. शाहिरी परंपरेने जातिधर्माची ही सरमिसळ आरंभापासूनच पचविली होती. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मोमीन कवठेकर यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. मात्र रात्री त्यांची लावणी ऐकून सकाळी ती गुणगुणणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांना लेखकाचे नाव ठाऊक होते, हा प्रश्न उरतोच. फडात गाणे ओळखले जाई ते गाणाऱ्याच्या नावाने. लिहिणाऱ्याचे नाव वहीतच राही.

पडदा : सोंगाड्यापासून शहरी तरुणापर्यंत

मराठी चित्रपटाने तमाशाचा आधार फार पूर्वीच घेतला होता. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'ने (१९७२) फडावरची नर्तकी आणि गावचा आदर्श मास्तर यांची शोकांतिका घडविली. तथापि सोंगाड्याला थेट नायकपदी बसविण्याचे काम दादा कोंडके यांनी केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आलेल्या दादांनी वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यातून नाव मिळविले आणि 'सोंगाड्या' (१९७१) पासून चित्रपटनिर्मितीची वाट धरली. दादांचे कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्याच्याच भोर तालुक्यातील. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाबद्दल त्यांच्या नावाची गिनीज बुकात नोंद झाली. 'ह्योच नवरा पाहिजे' (१९८०) आणि 'आली अंगावर' (१९८२) या चित्रपटांनी नव्या दशकाच्या आरंभीही त्यांची पकड टिकविली. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवर शहरी समीक्षकांनी टीका केली. परंतु बतावणीत मुरलेल्या प्रेक्षकाला ही भाषा नवी नव्हती. फरक इतकाच होता की, जे पूर्वी रात्रीच्या कनातीत प्रामुख्याने पुरुषांपुढे बोलले जाई, ते आता पडद्यावर सर्वांपुढे बोलले जाऊ लागले.

निळू फुले यांचा प्रवासही सेवा दलाच्या कलापथकातूनच सुरू झाला. 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) आणि 'सामना' या चित्रपटांतून त्यांनी गावगाड्यातील सत्ताधाऱ्याचे जे रूप उभे केले, ते सहकार आणि साखर कारखानदारीच्या प्रदेशातील प्रेक्षकाला ओळखीचे वाटणे स्वाभाविक होते.

दशकाच्या मध्यावर चित्रपटाचा रोख बदलला. महेश कोठारे यांचा 'धूमधडाका' (१९८५) आणि सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) यांनी अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे या जोडीला शिखरावर नेले. अशोक सराफ यांना मोठी ओळख 'पांडू हवालदार' (१९७५) या दादांच्याच चित्रपटाने दिली होती. लक्ष्मीकांत बेर्डे मात्र मुंबईच्या नाट्यसृष्टीतून, 'टुरटुर' या नाटकाच्या यशातून आले. 'बनवाबनवी'ची गोष्ट पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या चार तरुणांची आहे. यापूर्वीच्या पडद्यावर गावात येणारा शहरी मनुष्य हा चेष्टेचा विषय होता. आता शहरात जागा शोधणारा तरुण हा सहानुभूतीचा विषय झाला. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याची वाट धरणारी पिढी शिरूर व दौंडमध्येही याच काळात वाढत होती. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीचा विस्तार त्यानंतरचा आहे. तोपर्यंत कामधंद्यासाठी पुणे हेच जवळचे महानगर होते. या चित्रपटाचे ग्रामीण भागातील यश केवळ विनोदावर उभे नव्हते, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

ध्वनिफीत : गळा घरी आला

संगीताच्या क्षेत्रात या दशकातील खरी क्रांती ध्वनिफितीने, म्हणजेच कॅसेटने केली. ग्रामोफोन तबकडीच्या काळात कोणाचा आवाज मुद्रित व्हावा, हे मोजक्या कंपन्या ठरवीत. कॅसेट तयार करण्यास भांडवल कमी लागे, किंमत कमी असे आणि टेपरेकॉर्डर वीज नसतानाही सेलवर चाले. त्यामुळे लहान कंपन्यांना प्रादेशिक भाषांतील भक्तिगीते, लोकगीते आणि विनोदी कथने बाजारात आणणे परवडू लागले.

या बदलाचा मोठा लाभ शिंदे घराण्याला झाला. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांचा आवाज कव्वालीच्या सामन्यांत आणि भजनांत तयार झालेला होता. विठ्ठलाची भक्तिगीते आणि डॉ. आंबेडकरांवरील भीमगीते ते सारख्याच तन्मयतेने गात. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या 'नवीन पोपट हा' या गीताने दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रभर लोकप्रियता मिळविली. रसवंतीगृह, हॉटेल, जीप, लग्नाचा मांडव आणि यात्रेतील ध्वनिक्षेपक ही या संगीताची सभागृहे होती. कॅसेटने जशी करमणूक पोहोचविली तसा विचारही पोहोचविला, हेही नोंदविले पाहिजे. वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमप यांच्यासारख्या शाहिरांनी जागविलेली आंबेडकरी गीतपरंपरा ध्वनिफितीमुळे वस्त्यावस्त्यांत ऐकली जाऊ लागली. ज्या शिरूर तालुक्यात कोरेगाव भीमा हे गाव आहे आणि ज्याच्या सीमेवरील जयस्तंभास डॉ. आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली, तेथे या गीतांना असलेला अर्थ केवळ करमणुकीचा नव्हता.

परंतु कॅसेटची दुसरी बाजूही होती. फडावर गायिलेली लावणी पूर्वी दुसऱ्या फडाने उचलली, तरी ती उचलणारा त्याच व्यवसायातील असे. कॅसेटवर गेलेले गाणे मात्र विकाऊ वस्तू बनले. त्याची नक्कल कोणीही करू शके. मूळ रचनाकाराला मिळे ते बहुधा एकरकमी मानधन. विक्री वाढली तरी त्याचा वाटा वाढतोच असे नाही. लोकगीत 'लोकांचे' असल्याचा समज येथे सोयीचा ठरला.

दूरदर्शन : रविवारची सकाळ, शनिवारची संध्याकाळ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहप्रक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात चित्र दिसू लागले. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण यांचा प्रारंभ झाला. १९८४ मध्ये काही महिने तर देशात जवळपास रोज एक या वेगाने लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारली गेली. उंच बांबूवर बांधलेली एरियल हे तालुक्याच्या गावातील प्रतिष्ठेचे नवे चिन्ह बनले. 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्याला पुढ्यात बसवी, 'छायागीत' तरुणांना, आणि शनिवारी संध्याकाळचा मराठी चित्रपट संपूर्ण घराला.

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. त्यापाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' आले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे त्या काळाचे सर्वपरिचित चित्र आहे. या मालिकेत कौसल्येची भूमिका जयश्री गडकर यांनी आणि दशरथाची भूमिका त्यांचे पती बाळ धुरी यांनी केली होती. 'सांगत्ये ऐका'सारख्या तमाशापटांतून घडलेली आणि लावणीच्या अदाकारीसाठी ओळखली जाणारी अभिनेत्री अठ्ठावीस वर्षांनी रामाची आई म्हणून देवघराशेजारच्या पडद्यावर आली. ज्या घरांतील स्त्रियांना तमाशाच्या कनातीत जाण्याची मुभा नव्हती, त्यांनी तिला हात जोडले. माध्यम बदलले की कलावंताची सामाजिक प्रतिष्ठा कशी बदलते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे. फडावर राहिलेल्या तिच्या समकालीन कलावतींना ही प्रतिष्ठा मिळाली नाही.

दशकाच्या अखेरीस हे सर्व धागे एका हिंदी चित्रपटात एकत्र आले. 'मैंने प्यार किया' (१९८९) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यांची भूमिका होती आणि संगीत होते रामलक्ष्मण यांचे. विजय पाटील आणि त्यांचे सहकारी सुरेंद्र या जोडीला 'रामलक्ष्मण' हे नाव दादा कोंडके यांनी दिले होते आणि 'पांडू हवालदार'पासून त्यांना संधी दिली होती. सहकाऱ्याच्या निधनानंतरही पाटील यांनी तेच नाव चालविले. गावरान सोंगाड्याच्या गीतांना चाली लावून पुढे आलेला संगीतकार असा देशभरच्या कॅसेट बाजाराचा मानकरी ठरला.

फडाचे पुढे काय झाले

नव्या माध्यमांच्या स्पर्धेत फडमालकांनी तग धरला, परंतु त्यासाठी खेळाचे स्वरूप बदलले. रंगबाजीत चित्रपटगीतांचे प्रमाण वाढले, वग आखूड झाला, गण-गवळणीला घाई झाली. पडद्यावरच्या नटाने तमाशातून जे उचलले होते, त्याची नक्कल आता तमाशालाच करावी लागली. कॅसेटवर गाजलेले गाणे फडाने सादर केले नाही तर प्रेक्षक ओरडत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा आली आणि रात्रभराचा खेळ ही संकल्पनाच अडचणीत सापडली. दुसरीकडे दौंड तालुक्यातील चौफुला हे पुणे-सोलापूर रस्त्यावरील ठिकाण संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखले जाऊ लागले. येथे फिरता फड नसतो. प्रेक्षकच कलावतीकडे येतो. गावाच्या पंचांनी ठरविलेली सार्वजनिक करमणूक आणि ऐपतीनुसार दौलतजादा करणाऱ्या प्रेक्षकाची करमणूक यांत मोठे अंतर आहे.

दोन वेळा राष्ट्रपतींचा सन्मान मिळविलेल्या विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. सन्मान आणि उपजीविका या दोन गोष्टी महाराष्ट्राने वेगवेगळ्या ठेवल्या, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष

१. ऐंशीच्या दशकातील मराठी लोकरंजनाच्या मानकऱ्यांचा उदय केवळ नव्या तंत्राने झाला नाही. तमाशा, कलापथक आणि कव्वाली-भजनाच्या सामन्यांनी घडविलेली कला तंत्राने दूरवर नेली.

२. शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांची भूमिका केवळ ग्राहकाची नव्हती. यात्रेची वर्गणी, प्रेक्षकाची जाणती दाद आणि मोमीन कवठेकरांसारख्या लेखकांचे लेखन यांतून या भागाने त्या कलेला पोसले.

३. माध्यमांनी काही कलावंतांना प्रतिष्ठा आणि संपत्ती दिली. त्याच माध्यमांमुळे फडावरील बहुसंख्य कलावंतांचा प्रेक्षक कमी झाला व त्यांच्या रचनांवरील हक्क अनिश्चित राहिला.

४. या इतिहासाची साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. वगांच्या हस्तलिखित वह्या, यात्रांच्या जमाखर्चाच्या चोपड्या, जाहिरातीची हस्तपत्रके आणि बुरशी लागलेल्या ध्वनिफिती आज घरोघरी, माळ्यावर पडून आहेत. परिसरातील महाविद्यालयांनी त्यांचे संकलन आणि वृद्ध कलावंतांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण हाती घेतल्यास त्या दशकाचा इतिहास केवळ चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवरून लिहिण्याची वेळ येणार नाही. पोवाडे आणि लावण्यांच्या वह्या जपल्या गेल्या म्हणून सगनभाऊ आणि होनाजी आज नावानिशी ठाऊक आहेत. कवठे येमाईच्या लेखकाच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या वह्यांना हेच भाग्य लाभावे की नाही, याचा निर्णय आताच्या पिढीच्या हाती आहे.